लोहवीर आमच्या फाट्यावर

दुष्काळात सगळं आटतं, किस्से तेवढे आटत नाहीत. उलट वाढतात! पाऊस असला की माणसं शेतात जातात. पाऊस नसला की सलीमभाईंच्या दुकानासमोरच्या बाकड्यावर येऊन बसतात. बाकड्यावर बसलेला माणूस एक तर झोपतो, नाही तर त्याचा किस्सा होतो. आमच्याकडे झोपणारे कमी होते.

सलीमभाईंचं दुकान म्हणजे फोटो स्टुडिओ आणि व्हिडिओ शूटिंग, पाटोद्याच्या रस्त्याला, आमच्या फाट्यावर. मी नववीत शाळा सोडली आणि त्यांच्याकडे लग्नात लाइट धरायला लागलो. लाइट धरणाऱ्याला बोलावं लागत नाही, म्हणून मला ते काम मनापासून आवडायचं. बोलायचं काम बंडूकडे होतं. बंडू म्हणजे लग्नात माइकवरून आहेराची नावं पुकारणारा. माइक बंद असला तरी त्याला फरक पडायचा नाही.

पावसानं पाठ फिरवली त्या साली आम्ही तिघांनी एक डॉक्युमेंटरी केली. साफ खोटी! तिचे किस्से अजून कुणी ना कुणी विचारतं, आणि दर वेळी बंडू सांगतो आणि दर वेळी त्यात भर घालतो. म्हणून म्हटलं, एकदा मीच लिहून टाकावं.

*

सुरुवात आमच्या दूध संस्थेच्या चेअरमनपासून झाली. त्यांना सगळे नाना म्हणतात. संस्थेचा मोठा वर्धापनदिन जवळ आला होता, तेव्हा नानांनी सलीमभाईंना स्वतःवर एक माहितीपट करायला सांगितला. बंडूनं हौसेनं कॉमेंट्री लिहिली आणि आवाज जड करून रेकॉर्डही केली.

"ते कधी थकत नाहीत! त्यांना ऊन लागत नाही, थंडी लागत नाही! भुकेची तमा नाही, झोपेची पर्वा नाही! जनतेचं रक्षण हेच त्यांचं एकमेव कार्य!"

तेवढ्यात दूध आटलं. जनावरं चारा छावणीत गेली, संस्थेचे कॅन उपडे पडले. नाना स्वतः दुकानात आले. म्हणाले, "जनावरं छावणीत अन् मी टीव्हीत, बरं दिसंल का सलीम? राहू दे." शहाणा माणूस!

लग्नंही पुढं ढकलली गेली होती. काम काहीच नव्हतं. सलीमभाई दुकानात बसून ती कॉमेंट्री पुन्हा पुन्हा ऐकत होते. मध्येच म्हणाले, "बंड्या, हे तू कुणावर लिव्हलंय बे? ज्याला भूक न्हाई, झोप न्हाई, ऊन न्हाई... हा माणूसच न्हाई. हा तर लोहवीर हाय!"

लोहवीर म्हणजे आमच्या लहानपणी रविवारी सकाळी टीव्हीवर येणारा रोबोट. अंतराळातून यायचा, छातीत दिवा लागायचा आणि पृथ्वी वाचवून परत जायचा. गावात लाइट गेली की आम्हाला वाटायचं, या रविवारी काही पृथ्वी वाचली नाही.

तिथंच ठरलं. लोहवीर खरा होता, तो आपल्याच बीड जिल्ह्यातला. मालिका बंद पडली आणि तो रिटायर होऊन गावी आला. आता दुष्काळात त्याचं कसं चाललंय, त्याची डॉक्युमेंटरी! बंडूच्या कॉमेंट्रीतला एकही शब्द बदलावा लागला नाही.

"पर लोहवीरच्या आत कोन बसंल?" सलीमभाईंनी विचारलं.

बंडू पोटामुळे बाद झाला. मग दोघांनी माझ्याकडे पाहिलं. मी काहीच बोललो नाही, आणि त्यांनी तो होकार धरला.

*

आता मी का बोलत नव्हतो, तो वेगळा किस्सा आहे.

आमच्याकडे ऊसतोडीला नवरा-बायकोची जोडी गेली की तिला एक कोयता म्हणतात. एकटा माणूस म्हणजे अर्धा कोयता. माझा दादा आणि वैनी मिळून घरातला पुरा कोयता, आणि मी अर्धा. टोळी नेणारे आमचे मुकादम म्हणजे भागवतआबा. माणूस वाईट नाही, पण त्यांना जगात सगळीकडे जोड्याच दिसायच्या. रस्त्यात बैल दिसला तरी विचारायचे, "दुसरा कुठंय?"

दादानं मला स्पष्ट सांगितलं होतं, "दसऱ्यापर्यंत सलीमभाईकडं काय करायचं ते कर. दसऱ्याला टोळी निघंल, तवा कोयता धरायचा. त्याच्या आदी तुजं लगीन उरकू."

मला कोयता धरायचा नव्हता. मला शूटिंगच करायचं होतं. एवढं एकच वाक्य होतं, आणि तेच तोंडातून निघत नव्हतं! दादासमोर बसलो की ते घशापर्यंत यायचं आणि भाकरीबरोबर परत खाली जायचं.

अशातच भागवतआबांनी चौसाळ्याकडचं एक स्थळ काढलं. आम्ही गेलो. चहा आला. मी घोट घेतला तर चहा खारट! गडबडीत कुणीतरी साखरेच्या जागी मीठ टाकलं होतं. दादानं माझ्याआधी कप उचलला नव्हता म्हणून तो वाचला. मी मात्र सगळा कप प्यायलो. लोकांच्या घरी कसं बोलायचं?

मागून त्यांच्याही लक्षात आलं. मुलीच्या मामानं आबांना बाजूला घेतलं, पण आवाज सगळ्यांना ऐकू आला.

"आबा, पोरगं निर्मळ हाय. पर खाऱ्या चहाला जो काय बोलला न्हाई, तो उद्या तुमाला काय बोलनार?"

स्थळ मोडलं. आम्ही घरी पोचायच्या आधी ती बातमी फाट्यावर पोचली होती.

*

लोहवीरचं अंग सलीमभाईंच्या भावाच्या गॅरेजमध्ये तयार झालं. धड जुन्या कूलरच्या पत्र्याचं, हात फवारणीच्या पंपाच्या नळ्यांचे आणि छातीवर मोटारसायकलचा हेडलाइट. डोकं म्हणजे गोडेतेलाचा पत्र्याचा डबा, त्याला डोळ्यांपुरती फट. सगळं रुपेरी रंगवलं. पायाला मात्र काही सुचेना, म्हणून माझ्याच स्लीपर राहिल्या. त्यांतल्या एकीचा पट्टा निळा आणि दुसरीचा पांढरा होता, कारण दोन्ही जोडांमधली एकेकच शाबूत होती. सलीमभाई म्हणाले, "फिकर नको. कॅमेरा गुडघ्याच्या वरच ठेवतो."

पहिल्याच दिवशी पाठीचा नट अडकला. पाना फिरेना, पत्रा निघेना. गॅरेजवाला माणूस आष्टीला गेलेला. मी तसाच घरी गेलो.

आई दारात भाकरी थापत होती. तिनं मान वर केली, मला पायापासून डब्यापर्यंत पाहिलं आणि पुन्हा भाकरी थापायला लागली.

"आई, मी हाय."

"वळखलं. स्लीपर दिसल्या."

हात तोंडापर्यंत वळत नव्हते. आईनं डब्याखालून घास भरवला. भरवता भरवता तिला रडू येतंय की हसू, ते मला फटीतून नीट दिसत नव्हतं. म्हणाली, "अरं, उद्या पोरीवाले अचानक बगायला आले तर मी त्यानला काय दावू? पाना?"

*

छावणीचा किस्सा बंडू सगळ्यात जास्त वाढवून सांगतो. खरं एवढंच झालं.

लोहवीरचा जुना मित्र म्हणून आम्हाला एक बैल दाखवायचा होता. मी छावणीत दावणीला बैलाशेजारी उभा राहिलो. बंडू कॉमेंट्री करत होता, "दोघांनीही आयुष्यभर जनतेसाठी ओझं वाहिलं!" बैल मला हुंगत होता. सगळं छान चाललं होतं.

इतक्यात तपासणीचे साहेब आले, न सांगता! छावणी नानांच्याच दूध संस्थेची होती, आणि तिथले मॅनेजर म्हणजे साधे, घाबरट गृहस्थ. साहेबांनी विचारलं, "हे काय आहे?"

शूटिंगची परवानगी मॅनेजरांनी कुणालाच न विचारता दिली होती. ते म्हणाले, "साहेब, हे... हे कडबा तोडायचं यंत्र. नवीन आलंय. ट्रायलवर."

"असं? चालू करा बघू."

मला फटीतून साहेबांचे बूट दिसत होते. बंडूनं प्रसंग ओळखला. त्यानं माझ्या छातीचा हेडलाइट लावला आणि कडब्याची पेंढी माझ्या हातात दिली. मी तोंडानं "घर्रर्र" सुरू केलं आणि पेंढी मागं सरकवायला लागलो. माझ्या पाठीमागं बंडू खाली बसून विळ्यानं तिचे तुकडे करत होता आणि पायानं पुढं ढकलत होता. पेंढी संपेपर्यंत मी घर्रर्र केलं! घसा बसला. बैलानं मात्र शांतपणे तुकडे खाल्ले, त्याला यंत्र पसंत पडलं.

साहेबांनी वहीत काहीतरी टिपून घेतलं. मग जाता जाता मॅनेजरांना म्हणाले, "काम बरं आहे. पण आवाज फार करतं. ग्रीस द्या."

*

डॉक्युमेंटरी म्हटलं की ओळखीच्या माणसांच्या मुलाखती लागतात. सलीमभाईंचे चुलते चाँदचाचा फाट्यावर सीताफळं विकायचे. त्यांना सांगितलं, "चाचा, हे सगळं खोटं खोटं हाय. तुमी फक्त म्हना, लोहवीर माझ्याकडून सीताफळं न्यायचा अन् आवडीनं खायचा."

चाचा टोपी नीट करून बसले. कॅमेरा सुरू झाला. चाचा गप्प.

"चाचा, बोला की!"

"सलीम, यंत्राला पोट असतं का बे?"

"न्हाई."

"मग खाईल कसं? या वयात कॅमेऱ्यासमोर मला झूठ बोलाया लावू नको."

खूप समजावलं. चाचा हलेनात. शेवटी सलीमभाई वैतागून म्हणाले, "मग तुमाला खरं वाटंल ते बोला!"

चाचांनी कॅमेऱ्याकडे पाहिलं आणि अगदी गंभीरपणे सांगितलं, "लोहवीर यायचे. रोज यायचे. सीताफळ हातात घ्यायचे, दाबून बघायचे, वास घ्यायचे अन् परत ठेवून द्यायचे. खाल्लं कदीच न्हाई." मग म्हणाले, "फाट्यावरची बाकी गिऱ्हाइकंबी तशीच हायत. पर त्यानला पोट हाय."

संपूर्ण फिल्ममध्ये हीच मुलाखत लोकांना शंभर टक्के खरी वाटली!

*

आता टँकरचा किस्सा. हा सांगताना मी अजून थोडा अडखळतो.

आमचं गाव आणि शेजारची वाडी मिळून एकच टँकर. तो फाट्यावर यायचा. टँकरची रांग माणसांची नसते, हंड्यांची असते. बाया सकाळीच हंडे मांडून कामाला जायच्या, आणि हंडा जिथं ठेवला तिथं तुमचा नंबर. हंड्याला कुणी हात लावत नाही. एक वेळ घरात घुसतील, पण दुसऱ्याचा हंडा सरकवणार नाहीत.

सलीमभाईंना शॉट हवा होता की पृथ्वी वाचवणारा लोहवीर पाण्यासाठी रांगेत उभा आहे. त्यांनी मला दोन हंड्यांच्या मधल्या जागेत उभं केलं. तेवढ्यात वाडीकडची एक मुलगी पुढं आली. तिचं नाव सुनीता, हे मला नंतर कळलं.

"ए, कोन हाय बे हा?"

बंडू जड आवाजात म्हणाला, "हे लोहवीर! यांनी पृथ्वी वाचवली!"

"वाचवली आसंल. हंडा कुठंय?"

"त्यांना हंडा कशाला?"

"हंडा न्हाई तर नंबर न्हाई. पृथ्वी वाचवू दे, न्हाई तर चंद्र!"

सगळ्या बाया हसल्या. बंडू कॉमेंट्रीचा कागद चाळायला लागला. आणि कसं कोण जाणे, डब्याच्या आतून मी बोललो!

"बाई, मीच पत्र्याचा हाय. मलाच हंडा समजा."

डब्यात आवाज घुमला. माझा मलाच तो ओळखू आला नाही. चांगला भारदस्त होता! आतून कुणाचा चेहरा नीट दिसत नव्हता, माझा कुणाला दिसत नव्हता, आणि वाक्य आपोआप निघून गेलं होतं.

सुनीता दोन पावलं जवळ आली. तिनं डोक्यावरची चुंबळ काढून माझ्या डब्यावर ठेवली, तिच्यावर आपला रिकामा हंडा ठेवला आणि म्हणाली, "हंडा हायस ना? मग माजा नंबर धर. आईला दवाखान्यातून घिऊन येते."

आणि गेली की!

हलायची सोय नव्हती. सलीमभाई आनंदानं वेडे झाले होते, चारही बाजूंनी शूटिंग करत होते. मी उन्हात उभा, डोक्यावर हंडा. आजूबाजूला बाया बसलेल्या, आणि त्यांच्या गप्पा निघाल्या कशाच्या? खाऱ्या चहाच्या!

"सगळा कप पेला म्हनं! मुका हाय का येडा हाय?"

"दादाच्या मागं मागं फिरतंय नुसतं."

मी आत घाम पुसूही शकत नव्हतो. तेवढ्यात सुनीता परत आली. ती ऐकत हंड्यापाशी थांबली. म्हणाली, "मुका कावून आसंल? त्याला कुनी नीट इचारलंच नसंल."

मग टँकरचा हॉर्न वाजला. तिनं माझ्या डोक्यावरचा हंडा उचलला. उचलताना तिची नजर खाली गेली. निळा पट्टा, पांढरा पट्टा. चुंबळ घेतली आणि पाण्याला पळाली.

*

फिल्म दूध संस्थेच्या पांढऱ्या भिंतीवर दाखवली. गाव आलं, वाडी आली. चाँदचाचांच्या मुलाखतीला शिट्ट्या, छावणीतल्या घर्रर्रला टाळ्या, आणि हंडा घेऊन उभ्या लोहवीरला तर बायांनी पुन्हा मागून घेतलं. आम्हाला भीती होती ती नानांची. कॉमेंट्री त्यांच्यासाठी लिहिलेली, आणि ते पहिल्या रांगेत!

"ते कधी थकत नाहीत! त्यांना ऊन लागत नाही!" बंडूचा आवाज भिंतीवरून आला. नाना मान हलवत होते. संपल्यावर उठले, सलीमभाईंच्या पाठीवर थाप मारली. "मजकूर लई चांगला हाय. कुठंतरी ऐकल्यासारका वाटतो."

"तुमचीच प्रेरणा, नाना," सलीमभाई म्हणाले.

नानांनी तिथंच छावणीच्या शूटिंगचं काम आम्हाला दिलं. जनावरं खरंच दावणीला आहेत, हे सरकारला रोज कॅमेऱ्यात दाखवावं लागायचं, आणि ते करायला कुणीतरी हवं होतं. सलीमभाई मला म्हणाले, "दत्त्या, छावणीचा कॅमेरा तू धरायचा. लाइट आता बंड्या धरंल." माझ्या हातात पहिल्यांदाच कॅमेरा आला!

आणि मग भागवतआबा आले. फिल्म बघून त्यांचे डोळे चमकत होते. "सलीम, आसला एक मला दे. जेवत न्हाई, थकत न्हाई, उसाच्या फडात हाडं दुखली म्हनून बसत न्हाई! पर एकटाच हाय रं. अर्दा कोयता." मग विचारलं, "आत कोन होतं?"

बंडूनं माझ्याकडे बोट दाखवलं.

आबांनी माझ्याकडे पाहिलं, भिंतीकडे पाहिलं. "हा? हा बोलतो?"

"डब्यातून बोलतो," बंडू म्हणाला.

*

दसरा तोंडावर आला. दादानं कोयत्यांना धार लावून आणली होती. त्यात माझाही होता. मी कॅमेरा घेऊन रोज छावणीत जात होतो, पण ते एक वाक्य अजून दादासमोर निघालं नव्हतं.

आबांनी दुसरं स्थळ काढलं. शेजारच्या वाडीतलंच. मुलगी आणि तिची आई दोघीच. आई आजारानं थकलेली, मुलगी मागच्या साली मामाच्या टोळीत अर्धा कोयता म्हणून गेलेली. आबा वाटेत दादाला सांगत होते, "अर्दा हितं, अर्दा तितं. जोडला की पुरा! दसऱ्याला गाडीत बशिवतो दोगांना." आमच्या आईनं मला बजावलं, "त्या डब्याचं तिथं काय काढू नको."

दारात स्लीपर काढल्या आणि आत बसलो. मुलगी पाणी घेऊन आली. मी मान वर केली आणि पुन्हा खाली घातली. सुनीता! तिनं तांब्या ठेवला, दाराबाहेर काढलेल्या चपलांकडे एकदा पाहिलं आणि आत गेली.

चहा आला. मी कप हातात धरून बसलो. तिच्या आईनं विचारलं, "काय करतावो तुमी?"

मी कपाकडे बघत राहिलो. दादा म्हणाला, "माज्या संगट टोळीला येनार हाय." आबा म्हणाले, "लई कामाचा हाय." तिची आई म्हणाली, "त्यानला इचारलंय मी."

सगळे माझ्याकडे बघत होते. वाक्य घशापर्यंत आलं आणि तिथंच बसलं.

तेवढ्यात आतून दणदण आवाज झाला आणि दारातून एक रिकामा तेलाचा डबा घरंगळत माझ्या पायापाशी आला. मागोमाग सुनीताचा आवाज, "आई, नीट इचार. त्यानला आदी हे डोक्यात घालू दे!"

माझ्या आईनं कपाळावर हात मारला. दादा उठायला लागला. आबा मात्र खूश. "घाल बे! घाल!"

मी कप खाली ठेवला आणि डबा डोक्यात घातला. याला डोळ्यांची फटही नव्हती. अंधार, तेलाचा वास, आणि तो भारदस्त आवाज.

"मावशी, मी शूटिंग करतो. सलीमभाईंकडं. लग्नं असली तर लग्नं, न्हाई तर छावणी. दादा, मला कोयता धरायचा न्हाई. यंदाबी न्हाई अन् पुढल्या सालीबी न्हाई."

डब्यात मला माझाच श्वास ऐकू येत होता.

मग आतल्या बाजूनं सुनीता म्हणाली, "मलाबी न्हाई धरायचा."

आबांचा आवाज चिरकला, "आरं, दोन अर्दे जोडाया आलतो मी! हितं तर पुरा कोयताच चालला की!" मग दरडावून म्हणाले, "डब्यातलं बोलनं मी धरत न्हाई. डबा काढ अन् दादाच्या तोंडाकडं बगून बोल."

मी डबा काढला. उजेड डोळ्यांत गेला. दादा समोरच होता. रागावलेला नव्हता, नुसता बघत होता, पहिल्यांदाच माझा आवाज ऐकल्यासारखा.

मी समोरचा कप उचलला आणि एक घोट घेतला. सगळे वाट बघत होते.

मी दादाकडे पाहिलं आणि म्हणालो, "मला कोयता धरायचा न्हाई." मग दाराकडे वळून म्हणालो, "अन् या चहात साखर न्हाई."

सुनीता साखरेचा डबा हातात घेऊनच दारात उभी होती.